मुक्त स्रोतांचे मेळावे आणि आपले दोन जिल्हे



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. काल संतवाङ्मय झाले, उद्या शेतीमालाचे भाव आहेत, आणि मध्येच हे मुक्त स्रोताचे प्रकरण काय काढले? नांदेडच्या या उकाड्यात घरची गच्ची सोडून ज्यांनी येथवर येण्याचे कष्ट घेतले त्यांस आरंभीच सांगितले पाहिजे की, आम्ही संगणकाचे पंडित नाही. आमच्यात दोन शिक्षक आहेत, एक छापखानेवाले आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, आणि बाकीची अभियांत्रिकीची मुले आहेत. निम्मे नांदेडचे, निम्मे लातूरचे. मुक्त स्रोताचे काम करणाऱ्या मंडळींचे जे मेळावे भरतात त्यांपैकी काहींस आम्ही मिळून जाऊन आलो. तेथे काय पाहिले आणि आपण तेथे काय घेऊन जावे, एवढेच आज सांगायचे आहे. बोलणारा एक असला तरी बोलणे सर्वांचे आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो.

प्रथम शब्दाचा अर्थ. संगणक चालतो तो आज्ञावलीवर. आज्ञावली म्हणजे माणसाने माणसाला वाचता येईल अशा रीतीने लिहिलेला मजकूर असतो. हा मजकूर मग यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरविला जातो, आणि बाजारात आपल्या हाती पडते ते हे आकड्यांचे गाठोडे. ते चालते, पण वाचता येत नाही. मूळ मजकूर, म्हणजे स्रोत, कारखानदाराच्या तिजोरीत राहतो. बिघडले तर त्याच्याकडे जा. त्याने दुकान बंद केले तर कपाळाला हात लावून बसा. आपल्याकडे तिफणीचा फाळ मोडला तर शेतकरी गावच्या लोहाराकडे जातो. त्या लोहाराने तिफण उघडून पाहिली तर तो गुन्हा ठरेल, असे कोणी म्हटले तर गावाने काय म्हटले असते?

हाच प्रश्न अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थाला 1980 च्या सुमारास पडला. एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवे छपाईयंत्र आले. ते मधूनच अडके. जुन्या यंत्राची आज्ञावली स्टॉलमनने स्वतः सुधारून घेतली होती. यंत्र अडकले की काम देणाऱ्याला तशी सूचना जाई. नव्या यंत्राचा स्रोत मात्र मागूनही मिळाला नाही. एवढ्याशा गोष्टीवरून मनुष्य इरेला पेटला आणि 1983 च्या सप्टेंबरात त्याने जाहीर केले की, ज्याचा स्रोत प्रत्येकाला वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणकव्यवस्था मी उभी करीन. पुढे 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्या व्यवस्थेला हवा असलेला गाभा लिहिला. तो लिनक्स. येथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्या प्रत्येकाच्या खिशात तो गाभा आहे. इंग्रजांना 'मुक्त' आणि 'फुकट' यांना एकच शब्द असल्याने त्यांच्यात या विषयावर चाळीस वर्षे खुलासे चालू आहेत. आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे; आपल्याला खुलासा करावा लागत नाही.

यावर एक शंका नेहमी घेतली जाते. जो तो उठून बदल करू लागला तर मूळ संहितेचे वाटोळे नाही का होणार? या शंकेचे उत्तर द्यायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. पैठणपर्यंत गेले तरी पुरे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या गावोगाव उतरून घेतल्या जात होत्या, आणि उतरून घेणारे आपापल्या पदरच्या ओव्या घालीत होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. मुक्त स्रोताच्या जगात प्रत्येक प्रकल्पाला असा एक पाठ सांभाळणारा असतो. प्रत कोणीही उतरून घ्यावी, तीत हवा तो बदल करावा. पण तो बदल मुख्य पाठात घ्यायचा की नाही हे सांभाळणारा ठरवितो, आणि कोणी, कधी, कोणत्या ओळीत काय बदलले याची नोंद कायम राहते. नाथांनी भर घालण्यास मनाई केली. येथे भर घालण्याचे निमंत्रण असते, हा फरक आहे. पण प्रती ताडण्याचा व्यवसाय तोच.

आता मेळाव्यांकडे वळू. 2011 च्या सप्टेंबरात 16 ते 18 या तीन दिवसांत पुण्यास 'पायकॉन इंडिया' ही परिषद भरली. पायथन ही आज्ञावली लिहिण्याची एक भाषा आहे. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने ती 1991 साली प्रसिद्ध केली, आणि तिचा स्रोत मुक्त आहे. परिषदेचा दुसरा दिवस 17 सप्टेंबर, म्हणजे आपला मुक्तिसंग्राम दिन. आमच्यातल्या शिक्षकांना शाळेचे झेंडावंदन सोडून जाणे जड गेले. पण बेत ठरला, आणि रात्रीच्या बसने आम्ही निघालो. लोहा, अहमदपूर करीत गाडी लातुरास आली, तेथे बाकीची मंडळी चढली, आणि मुरूड, बार्शीवरून पहाटेच्या आत कुर्डुवाडी आली.

कुर्डुवाडीचे नाव काढले म्हणून थोडे आडवाटेने जातो. लातूरच्या जुन्या व्यापाऱ्यांना हे स्टेशन ठाऊक आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली आणि 1911 साली लातूरला पोचली. तिच्या दोन रुळांतले अंतर अडीच फूट. मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीचे साडेपाच फूट. त्यामुळे लातूरची सरकी, कापूस, करडई कुर्डुवाडीस येऊन थांबे. हमाल ती एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरीत. वेळ जाई, पोती फाटत, हमाली पडे. इकडे नांदेडला तिसराच प्रकार, मीटर गेज. म्हणजे एका मराठवाड्यात शेजारशेजारचे दोन जिल्हे, आणि एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चढत नाही! नांदेडचा मार्ग नव्वदच्या दशकात रुंद झाला, लातूरचा 2008 च्या सुमारास. आणि 2016 च्या एप्रिलात लातूर पाण्यावाचून तडफडत असताना मिरजेहून जी पाण्याची गाडी आली ती थेट लातूरच्या स्टेशनात आली. रूळ जुने असते तर कुर्डुवाडीस ते पाणी कशात ओतून घेतले असते, याचा विचार करावा.

आमचे छापखानेवाले मित्र या गोष्टीवर बोलू लागले की थांबत नाहीत, कारण त्यांचे दुःख नेमके हेच आहे. मराठी अक्षरांना संगणकात कोणते क्रमांक द्यावेत याचे भारतीय मानक 1991 साली ठरले, आणि जगभरच्या लिप्यांचे युनिकोड नावाचे मानक आले तेही त्याच वर्षी. पण बाजारात अक्षरसंच विकणाऱ्यांनी आपापले निराळे क्रमांक चालू ठेवले. एकाच्या संचात जो 'क' तो दुसऱ्याच्या संचात भलतेच चिन्ह. या मित्रांनी वीस वर्षे लग्नपत्रिकांपासून गावांच्या इतिहासांपर्यंत जे जे जुळविले ते सारे अशा एका संचात. पुढे यंत्र बदलले, जुना संच नव्या यंत्रावर चढेना, आणि वीस वर्षांच्या मजकुराची बाराखडी होऊन बसली. कागदावरची पुस्तके शाबूत आहेत. संगणकातली असून नसल्यासारखी. रूळ बदलला की हमाली आली, एवढेच ते म्हणतात.

परिषदेत काय पाहिले? सेनापती बापट रस्त्यावरचे सिंबायोसिसचे विश्वभवन सभागृह भरले होते. अमेरिकेहून रेमंड हेटिंगर हे पायथन भाषेच्या गाभ्यावर काम करणारे गृहस्थ मुख्य भाषणासाठी आले होते. परंतु आम्हांस नवल वाटले ते भाषणांचे नव्हे. आपल्याकडच्या संमेलनांत व्यासपीठ आणि श्रोते यांच्यामध्ये हाराचे, शालीचे आणि नारळाचे जे अंतर असते ते तेथे नव्हते. भाषण संपले की विशीचा पोरगा उठे, म्हणे की तुमच्या अमुक पानावरची पद्धत सावकाश चालते, मी ती अशी बदलून पाहिली. आणि वक्ता रागावण्याऐवजी त्याला बाजूला घेऊन बसे. पाचपाच मिनिटांच्या भाषणांचाही एक भाग होता. त्यासाठी नाव नोंदविले की व्यासपीठ तुमचे. घंटा झाली की खाली उतरायचे, मग तुम्ही कोणीही असा. ही घंटा आमच्या साहित्यसंमेलनांत न्यावी असा ठराव आम्ही बसमध्ये परतताना एकमताने पास केला.

पण गोडवेच गाऊ नयेत. पुण्यात भरलेल्या त्या परिषदेचा सगळा व्यवहार इंग्रजीत. आमच्या मुलांपैकी दोघांना प्रश्न सुचले होते, पण ते तोंडातून बाहेर निघाले नाहीत, आणि निघाले ते चहाच्या टेबलाशी, मराठीत. मुली थोड्या. सदरे आणि चिकटपट्ट्या वाटणाऱ्या कंपन्यांच्या टेबलांशी जेवढी गर्दी, तेवढी काही भाषणांना नव्हती. ज्याला त्याला नोकरी हवी असते, त्यात गैर काही नाही. पण मेळावा कोणता आणि भरतीचा बाजार कोणता, हे मधूनमधून ओळखू येईनासे होई.

पुण्यातच, मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणकशास्त्राच्या संस्थेत, 'ग्नूनिफाय' नावाचा मेळावा फेब्रुवारीत भरत असे. त्यालाही आम्ही गेलो. तो आकाराने लहान, विद्यार्थ्यांनी चालविलेला, आणि आम्हांस अधिक मानवला. एकाच वेळी चारपाच खोल्यांत काम चाले, आणि 'काम' हा शब्द मुद्दाम वापरतो. कारण पुष्कळ खोल्यांत भाषण कमी आणि टेबलाभोवती बसून हात चालविणे जास्त. तेथे भाषेच्या माणसांशी गाठ पडली.

मराठीच्या एका अक्षराची गोष्ट सांगतो. 'आचार्यांस' आणि 'आचाऱ्यांस' या दोन शब्दांत विद्यापीठ आणि स्वयंपाकघर एवढे अंतर आहे, आणि ते सारे एका चिन्हावर टांगलेले आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचेही तेच. हिंदीला हा अर्धा र लागत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी, असे समजून ज्यांनी अक्षरसंच केले त्यांच्या हातून तो सुटला तर नवल नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी, हेही मराठी माणूस टेबलाशी बसल्याशिवाय कोणाला सुचावे? युनिकोडमध्ये या ऱ्याची सोय आहे, इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्याची कळ आहे. रेड हॅट कंपनीने 2004 साली मुक्त केलेल्या 'लोहित' अक्षरसंचांत मराठीसाठी वेगळा संच निघाला. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांच्या खिडक्या मराठीत झाल्या. हे कोणा एका मंत्रालयाच्या हुकमाने झालेले नाही. ज्यांना अडले त्यांनी जाऊन सांगितले, सांगून भागले नाही तेथे स्वतः केले, आणि स्रोत मुक्त असल्यामुळे त्यांना करता आले.

येथे आमच्या निवृत्त गृहस्थांनी परतीच्या वाटेवर प्रश्न विचारला, तो आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे. ते म्हणाले, पुण्याच्या माणसाला ऱ्य अडला, त्याने सांगितले. आपल्याला काय अडते? ते तेथे कोणी सांगितले?

आपल्याला अडते ते आपल्या दप्तरात. निजामी राजवटीत आपल्या भागाचा सरकारी कारभार उर्दूत होता, त्यामागे फारसी, आणि गावच्या, देवस्थानांच्या, सावकारांच्या वह्या मोडीत. बिलोली, देगलूर, धर्माबादकडे तेलुगू मिसळते, उदगीर, निलंग्याकडे कानडी. एका जमिनीचा इतिहास शोधायचा तर तीन लिप्यांची माणसे गाठावी लागतात, आणि ती माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. 2023 साली सरकारने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. पण त्या वेळी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा जो शोध करावा लागला तो सर्वांनी पाहिला. कागद होते, लेखणी उमटलेली होती, वाचणारा नव्हता.

मोडीला युनिकोडमध्ये जागा 2014 साली मिळाली. म्हणजे रूळ टाकला गेला आहे. छापील पानाचे चित्र पाहून त्यातली अक्षरे ओळखणारी 'टेसरॅक्ट' नावाची आज्ञावली आहे. ती एका कंपनीत तयार झाली आणि 2005 साली तिचा स्रोत मुक्त झाला. छापील मराठी ती आज बऱ्यापैकी वाचते. अशा आज्ञावलीला नवी लिपी शिकवायची रीत आता अगदी पंतोजीच्या शाळेसारखी आहे. एका ओळीचे चित्र दाखवायचे, आणि त्या ओळीत काय लिहिले आहे ते शुद्ध करून पुढे ठेवायचे. अशा हजारो ओळी गिरविल्या की ती स्वतः वाचू लागते. छापील अक्षर एका वळणाचे असते, हाताचे अक्षर माणसागणिक बदलते, म्हणून हाताच्या मोडीला ओळी फार लागतात, आणि त्या ओळी ज्या मुलखातले कागद वाचायचे त्या मुलखातल्याच लागतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या कारकुनाचे वळण कंधारच्या कुलकर्ण्याला लावून चालत नाही. हे नमुने बंगळूरहून येणार नाहीत, अमेरिकेहून येणार नाहीत. ते आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

मेळाव्यात हे आम्ही मांडून पाहिले. पाच मिनिटांच्या घंटेत, मराठीत, आणि एका विद्यार्थ्याने शेजारी उभे राहून इंग्रजी केले. ऐकणाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: नमुने किती आहेत? आमच्याजवळ तेव्हा एकही नव्हता. आस्था पुष्कळ होती. पण आस्थेवर यंत्राला शिकविता येत नाही, हे त्यांनी सभ्यपणे सांगितले.

आपल्याकडे माणसांची वाण नाही. विष्णुपुरीला श्री गुरुगोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून आहे. 1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्याच वाटेवर आहे. लातूरच्या शिकवणीच्या पद्धतीचा तर राज्यभर दबदबा. त्या पद्धतीविषयी आम्हांला आदर आहे, आणि एक तक्रारही. ती मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यात तरबेज करते; न विचारलेला प्रश्न शोधायला तिच्या वेळापत्रकात तास नाही. मुक्त स्रोताच्या जगात गुणपत्रिका कोणी पाहत नाही. तुम्ही कोणती ओळ सुधारली ते पाहतात, आणि ती नोंद कुणालाही उघडून पाहता येते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातल्या मुलांनी आपले लिनक्समंडळ चालविले आहे. जिल्ह्याच्या गावात हे जमते याचा तो दाखला. केरळात 2001 साली सरकारी शाळांत संगणकशिक्षणाची योजना आली आणि पुढे तेथील शाळांचे संगणक मुक्त आज्ञावलींवर चालू लागले, मल्याळम् अक्षरांसह. तेथे सरकार पुढे होते. आपल्याकडे तशी वाट पाहण्यात अर्थ दिसत नाही.

'हे सारे फुकट करणाऱ्यांचे पोट कसे भरते?' हा प्रश्न सभेनंतर विचारला जाणारच, म्हणून आताच उत्तर देतो. काहींचे उत्तम भरते: वर उल्लेखिलेली रेड हॅट कंपनी मुक्त आज्ञावलींची देखभाल विकते, आणि तिला 2019 साली आयबीएमने 34 अब्ज डॉलरला घेतले. काहींचे भरत नाही. बँकांपासून दुकानांपर्यंत सगळ्यांचे व्यवहार कुलूपबंद ठेवणारी 'ओपनएसएसएल' ही आज्ञावली मूठभर माणसे जवळजवळ पदरमोड करून सांभाळीत होती, हे 2014 साली तीत मोठे भोक सापडले तेव्हा जगाला कळले. धनिकांनी धर्मशाळेत उतरावे आणि झाडूवाल्याला विसरावे, तसा हा प्रकार. आपण नमुने खुले केले तर मोठ्या कंपन्याही ते वापरतील, हे उघड आहे. वापरू देत. ते बंद पेटीत ठेवले तर वाळवी वापरील.

म्हणून सध्या काय चालले आहे ते सांगून थांबतो. आम्ही रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात बसतो. लातूरची मंडळी तेथे त्यांच्या गावी बसतात. निवृत्त गृहस्थ मोडी वाचतात, उर्दू वाचणारे एक मौलवीसाहेब आता येऊ लागले आहेत, मुले ओळी कापून चित्रे करतात आणि खाली देवनागरीत मजकूर लिहितात. दुसऱ्याने तपासल्याशिवाय एकही ओळ पक्की धरीत नाही. तासाभरात चाळीस ओळी झाल्या तर तो रविवार चांगला गेला असे समजतो. पुढच्या मेळाव्यात 'किती आहेत' या प्रश्नाला आकड्याने उत्तर द्यायचे आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुन्या वह्या, खतपत्रे, देवस्थानचे ताळेबंद असतील त्यांनी मूळ कागद आणू नयेत. ते हाताळून तुटतात, आणि हरवले तर आम्हांस तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दिवसाच्या उजेडात, सपाट जागेवर ठेवून, वरून सरळ फोटो घ्यावा. बोटांची सावली पडू देऊ नये. मागे गाव, तालुका आणि ठाऊक असल्यास साल लिहावे. ज्या जमिनीचा वाद कोर्टात चालू आहे तिचे कागद आम्ही घेत नाही. व्यासपीठाच्या डाव्या बाजूस आमची दोन मुले वही घेऊन बसली आहेत. नाव आणि कागदांचा प्रकार त्यांच्याकडे नोंदवावा. मोडी वाचता येणारे कोणी सभेत असतील तर त्यांनी मात्र आम्हांस भेटल्याशिवाय घरी जाऊ नये.